गाडी ऑइल खाते म्हणून लगेच इंजिन उघडू नकोस

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझ्यामागून गॅरेजवाल्याचा आवाज येत होता, "हाफ इंजिन करावं लागेल, साठ हजार धरून चाला." हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम. तू "बघतो, बघतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. फोनवर सगळं धड सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मागणं एवढंच आहे: तेल किती जातंय आणि कुठून जातंय, हे कळेपर्यंत त्या इंजिनाला कुणाला पाना लावू देऊ नकोस.

आधी घाईचं सांगतो. आप्पांना मुंबईला डॉक्टरांकडे न्यायला हीच गाडी आहे आणि वहिनीही रोज हीच चालवतात, म्हणून हे दोघांनीही लक्षात ठेवा. डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीचा दिवा तेल कमी झाल्याचा नाही, तेलाचं प्रेशर गेल्याचा आहे. तो लागतो तेव्हा पंपाला ओढायला तेल पुरत नसतं आणि बेअरिंगं कोरडी पडायला लागलेली असतात. तो चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार करायचा नाही. बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. आजवर सीझ झालेली जी इंजिनं मी पाहिली, त्यातली बरीचशी तो दिवा लागल्यानंतर चालवलेल्या थोड्याशा अंतरात गेलेली होती. तेल खाणारी गाडी वर्षानुवर्षं चालते. तेल संपलेली गाडी काही मिनिटांत जाते.

म्हणून काठी बघणं. सकाळी गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर. तुमच्या सोसायटीचा उतार आहे तिथे नको, आत पार्किंगमध्ये बघ. काठी काढ, फडक्याने कोरडी पूस, पूर्ण आत घाल, मग पुन्हा काढून वाच. पहिल्यांदा काढलेल्या काठीवर तेल वरपर्यंत फासलेलं असतं, ते वाचण्यात अर्थ नाही. लहान पेट्रोल गाड्यांत काठीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, एकूण तेलच तीन-साडेतीन लिटर. म्हणजे पातळी खालच्या खुणेला आली की जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो, आणि उरलेल्या तेलावर सगळ्या उष्णतेचा भार येतो. वरच्या खुणेपेक्षा जास्त मात्र कधी भरू नकोस. पिस्टनखाली फिरणारा क्रँक तेलात बुडून फेस करतो, फेसाचं प्रेशर टिकत नाही, आणि जादा तेल सीलमधून वाट काढतं.

आता मोजायचं कसं? वरच्या खुणेपर्यंत भर, किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेव. मग दर रविवारी त्याच जागी, तशाच थंड गाडीत बघ, आणि परत त्याच खुणेला आणायला किती मिली लागलं ते मापाच्या भांड्याने घालून लिही. हजार किलोमीटर झाले की बेरीज कर. तू म्हणालास, "महिन्याला एक डबा जातो." या वाक्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही, कारण महिन्यात तू चारशे किलोमीटरही चालवतोस आणि दोन हजारही. बऱ्याच कंपन्यांच्या मालक पुस्तिकेत 1000 किमीला अर्धा लिटर, काहींत एक लिटरपर्यंत तेल जाणं चालण्यासारखं मानलेलं असतं. मला स्वतःला एक लिटर पटत नाही, चांगल्या इंजिनाला सर्व्हिसपासून सर्व्हिसपर्यंत वरून घालायची वेळच येऊ नये. पण पुस्तिकेतला हा आकडा माहीत असावा, म्हणजे दोनशे-तीनशे मिलीसाठी कुणी इंजिन उघडायला निघणार नाही. शिवाय आसावरी कॉलेजसाठी संभाजीनगरला आहे, तिला सोडायला समृद्धीवरून 120 ने जातोस तेव्हा वाढीव आरपीएमवर तेल जास्त जळतं. तो आठवडा वहीत वेगळा लिही.

मोजणी चालू असताना कुठून जातंय ते शोधायचं. आधी बाहेर. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेव. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, चेंबरचा ड्रेन नट, क्रँकचं पुढचं आणि गिअरबॉक्सकडचं मागचं सील, या ठरलेल्या जागा. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडून जळून जातं, पुठ्ठ्यावर थेंबही दिसत नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर तेल करपल्याचा वास येत असेल तर तिथेच बघ. पॅकिंग काही शेकड्यांत मिळतं.

नंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह, ज्याच्याकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो परत इनटेकमध्ये घेणारा हा छोटासा व्हॉल्व्ह. उघडा अडकला तर गॅसबरोबर तेलाची वाफही ओढली जाते आणि जळते. बंद अडकला तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. गाडी न्यूट्रलला चालू ठेव, तेल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर पोस्टकार्डाएवढा कागद ठेव. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. कागद उडायला लागला आणि तोंडातून भसाभसा धूर आला तर एक तर हा व्हॉल्व्ह बंद आहे, नाही तर खरंच पिस्टनभोवतीच्या रिंगांतून गॅस खाली येतोय. व्हॉल्व्ह काढून हलवला की बहुतेक गाड्यांत आतली गोळी खुळखुळ वाजते. वाजत नसेल तर बदल. झाकण काढलंच आहे तर त्याच्या आतली बाजूही बघ. तिथे फिकट तपकिरी चिकट फेस असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा यांच्यामधल्या पॅकिंगचा प्रश्न आहे आणि तो वेगळा.

यानंतर धूर. निळा धूर म्हणजे तेल, काळा म्हणजे जास्तीचं पेट्रोल, आणि थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ म्हणजे काहीच नाही. निळा धूर कधी येतो यावरून अर्धं निदान होतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की भसकन एक लोट आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्ह सील. ही व्हॉल्व्हच्या दांडीवर बसणारी रबराची टोपी. ती कडक झाली की हेडमधलं तेल रात्रभर थेंब थेंब खाली सिलिंडरमध्ये उतरतं. मुंबईला जाताना कसारा घाट गिअरमध्ये उतरतोस ना? थ्रॉटल बंद असतो, इंजिनात जोराची ओढ तयार होते, आणि कडक सीलमधून तेल आत खेचलं जातं. घाट संपल्यावर पाय देशील तेव्हा मागे बसलेल्या कुणाला तरी मागच्या काचेतून बघायला सांग. तिथे निळा लोट आला तर तीच सीलं. उलट परतताना इगतपुरीकडे चढताना, भरल्या गाडीत, पाय दाबून ठेवलेला असताना सतत निळं येत असेल तर रिंगांवर संशय घ्यायचा.

आमच्या गाडीचं हेच झालं होतं. लाखाच्या वर चाललेली पेट्रोल सिडान, आणि लॉकडाऊनच्या काळात कितीतरी आठवडे जागची हललेली नव्हती. मोठ्या वर्कशॉपने न उघडताच "रिंगा गेल्या" असं कागदावर लिहून दिलं. मला ते पटेना, म्हणून आमच्या इथल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. तीन कोरडे, तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओला. मग गेज लावून कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, घेतलं: 172, 170, 168, 171 पीएसआय. मला म्हणाले, "रिंगा गेल्या असत्या तर हा आकडा आला असता का, साहेब?" तरी खात्रीसाठी ओल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं. रिंगा झिजलेल्या असतील तर ते तेल फट बुजवतं आणि आकडा एकदम वर चढतो. आमचा जेमतेम हलला.

पुढचं काम मी शेजारी बसून बघितलं. हेड उतरवलंच नाही. प्लगच्या भोकातून जाड सुताची दोरी आत सोडली, एक टोक बाहेर ठेवलं, आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीचा गोळा पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मध्ये दाबून बसला, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. कॅम काढून ठेवलेले, टायमिंग चेनवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या, आणि मिस्त्री एकेक जुनं सील पकडीने उपटून माझ्या हातात देत होते. नखाने दाबलं तर त्याचा तुकडा पडायचा. सोळा सीलं, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, नवा पीसीव्ही आणि मजुरी मिळून वर्कशॉपच्या अंदाजाच्या पाव हिश्शातही काम झालं. आजही थोडं तेल जातं, पण सर्व्हिसच्या मध्ये एकदा घातलं की पुरतं.

तुझ्या गाडीतही सीलंच निघतील असं मी म्हणत नाही. रिंगा असू शकतात, आणि तसं असेल तर नीट मान्य करून काम करावं. पण त्यातही फरक आहे. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा कम्प्रेशनच्या आणि तिसरी तेल खरवडून खाली नेणारी. त्या तिसऱ्या रिंगेची परतीची भोकं कार्बनने बुजली की कम्प्रेशन छान दिसतं आणि तेल मात्र जात राहतं. हा नुसता गॅरेजमधला अंदाज नाही. अमेरिकेत टोयोटाने 2007 ते 2009 च्या चार सिलिंडरच्या कॅमरीसाठी याच तक्रारीवर वॉरंटी वाढवून दिली आणि पिस्टन-रिंगा बदलून दिल्या. आणि त्याआधी काय करायचे माहितीये? तेल खुणेपर्यंत भरायचं, मध्ये कुणी उघडू नये म्हणून मोहोर लावायची, आणि 1200 मैलांनंतर गाडी परत आणायला सांगायचं. क्वार्टभर, म्हणजे लिटरपेक्षा किंचित कमी तेल गेलं असेल तरच इंजिन उघडायचं. गाडी बनवणारी कंपनी मोजल्याशिवाय उघडत नव्हती, तर आपण का उघडावं?

रिंगाच निघाल्या तर "बोअर-पिस्टन सगळंच बदलू" याला लगेच हो म्हणू नकोस. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, किती झिजलाय, लंबगोल झालाय का, ते लेथवाल्याकडून गेजने मोजून घे आणि आकडा कागदावर माग. बोअर मापात असेल तर होनिंग करून, म्हणजे भिंत हलकी घासून, नव्या रिंगा बसतात. मापाबाहेर असेल तरच बोअरिंग (भोक मोठं करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन. निघालेला प्रत्येक भाग तुझ्यासमोर ठेवायला सांग. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू नकोस. एक, "जाड तेल टाका, खायचं थांबेल" म्हणून थेट 20डब्ल्यू-50. तुझ्या इंजिनाच्या बारीक वाटा आणि व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) पातळ तेलासाठी बनलेत. थंड इंजिन चालू करताना जाड तेल वरच्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढ्यात झीज होते. पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 बरोबर 5डब्ल्यू-40 ची परवानगी असेल तर तेवढी एक पायरी चढायला हरकत नाही. दुसरी, धूर बंद करणाऱ्या बाटल्या. त्या थोडे दिवस झाकतात आणि तुझ्या वहीतले आकडे बिघडवतात. तेल खात्रीच्या दुकानातूनच घे, आणि रिकामा डबा भोक पाडून टाक, कारण डुप्लिकेट भरणारे तेच डबे शोधत असतात.

आणि फार दिवस दुर्लक्षही नको. जळलेल्या तेलातला फॉस्फरस एक्झॉस्टमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसत जातो, आणि तो बदलायची वेळ आली तर सीलांच्या कामापेक्षा कितीतरी जास्त पैसे जातील. म्हणून मोजून हजार किलोमीटर, मग कम्प्रेशन, मग निर्णय. तोवर डिकीत एक लिटरचा सीलबंद डबा, फनेल आणि फडकं कायम ठेव. काठी बघायला वहिनींना आणि आसावरीलाही शिकव. मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी काठी बघितल्याशिवाय आप्पांना गाडीत बसवायचं नाही, हे घरात ठरवूनच टाक.

गॅरेजवाल्याला सांग की पुढच्या महिन्यात बोलू. आधी कम्प्रेशनचे चार आकडे घे, कोरडे आणि ओले दोन्ही, आणि प्लगांचा फोटो काढून मला पाठव. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते मात्र लिही. मी ते मिस्त्रींना दाखवतो. काम इथे करायचं ठरलं तर गाडी घेऊन ये, दोन-तीन दिवस आमच्याकडेच राहा. आप्पांची औषधं आणि पथ्य आईला आधी कळव, म्हणजे ती त्याप्रमाणे स्वयंपाक करेल.

आप्पांना नमस्कार, आसावरीला आशीर्वाद.

तुझा,
शिऱ्या