टाकीआधी शोषखड्डा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, गवंड्याचं एस्टिमेट पाहिलं. संडासाच्या सेप्टिक टाकीचा हिशेब विटांपर्यंत आहे, टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यापुढं मात्र नुसतं ‘६ फूट’. आपलं संडास दर पावसाळ्यात तुंबतं ते टाकीमुळं नाही, खड्डा काळ्या मातीत आहे म्हणून. आपल्याकडची माती मे महिन्यात भेगाळलेली असते. बादली ओतली की घटाघटा पिते आणि वाटतं, जागा झकास आहे. पाऊस लागला की तीच फुगते, भेगा मिटतात आणि पाणी माघारी फिरतं.

म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायला लावा. तळाशी ६ इंच रुंद, फूटभर खोल भोक पाडून रात्री पाण्यानं भरून ठेवा. सकाळी ६ इंच पाणी घालून पट्टी उभी करा. इंचभर उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागला, तर जागा बदला. कातळ लागला तर तिथंच थांबा, ब्रेकर नको. भेगांमधून घाण सरळ बोअरला जाते. आई, बोअरपासून ६० फूट हवेतच, त्यामुळं तुझी तुळशीमागची जागा बाद.

टाकी आतून ७ बाय ३ फूट, पाणी ४ फूट, वर १ फूट मोकळं. म्हणजे साधारण २,४०० लिटर. तुम्ही, भाडेकरू आणि दिवाळीला आम्ही, सगळ्यांना पुरते. टाकी मोठी करून खड्ड्याची कसर भरत नाही, कारण जेवढं पाणी आत येतं तेवढंच रोज बाहेर पडतं. न्हाणीचं आणि मशीनचं पाणी वेगळं काढून केळींना सोडा, खड्ड्यावरचा निम्मा भार तिथंच उतरेल.

आडभिंत आत येणाऱ्या पाइपापासून ४ फूट ८ इंचांवर. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा २ इंच खाली. मिस्त्री एल्बो (नुसता वळणाचा जोड) लावायला बघेल, ऐकू नका. दोन्हीकडं टी (इंग्रजी T आकाराचा जोड) हवी, बाहेरच्या टीचा पाय पाण्यात दीड फूट. नाहीतर वर तरंगणारी साय खड्ड्यात जाऊन मुरूम बुजवते, मग उपसूनही उपयोग नाही. गॅस पाइपला डासांची जाळी.

जुनी टाकी उपसायला गाडीच बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, अगदी ‘दोन मिनिटांत’ म्हणाला तरी. आतल्या वायूनं माणूस जागीच कोसळतो, आणि २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे.

प्लास्टर वाळलं की टाकी ४ फूट भरून कोळशानं रेघ मारा. टाकी गळते का ते कळेल. २४ तासांनी रेघेचा फोटो पाठवा, स्लॅबचं त्यानंतर बोलू.

तुमची,
ताई