लंडनमधले उत्तम ते विनाशुल्कच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी परदेश सहलींविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लंडनच्या खर्चाचा हिशेब मांडताना लंडन आय हा मोठा पाळणा, मादाम तुसाँ हे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, टॉवर ऑफ लंडन हा किल्ला आणि शार्ड या उंच इमारतीचा सज्जा यांच्या तिकिटांची बेरीज दिली होती आणि तिच्या आधारे मध्यमवर्गीय कुटुंबाने या शहराच्या वाटेला जाऊ नये, असे सुचवले होते. विमानभाडे, व्हिसा आणि मुक्काम यांचा खर्च मोठा असतो आणि तो कोणालाच टळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु तिथे पोहोचल्यानंतर शहर पाहण्यासाठी म्हणून जो खर्च गृहीत धरला जातो, त्यातला बराचसा अनावश्यक आहे. लंडनमध्ये सर्वांत मोलाचे जे आहे, ते जवळजवळ सगळे विनाशुल्क आहे आणि आपल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांतून नेमके तेच वगळले जाते. माझी मुलगी नोकरीनिमित्त तिथे असल्यामुळे मला हे शहर सावकाशीने पाहता आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना 1753 मध्ये संसदेच्या कायद्याने झाली आणि 1759 मध्ये ते लोकांसाठी उघडले, तेव्हाही प्रवेशाला पैसे पडत नव्हते. मधल्या काळात, विशेषतः 1980 आणि 1990 च्या दशकांत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम यांसारख्या संस्थांनी शुल्क आकारले. पण डिसेंबर 2001 पासून सर्व राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश पुन्हा मुक्त झाला. तात्पुरत्या खास प्रदर्शनांना तेवढे तिकीट असते. दारात देणगीची पेटी दिसते, तिच्यात काही टाकावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. परदेशी पाहुण्यांकडून शुल्क घ्यावे, अशी चर्चा तिथे अधूनमधून होते. परंतु ज्ञानाचा ठेवा सर्वांना सारखाच खुला असावा, हे तत्त्व त्या देशाने आजवर सांभाळले आहे आणि त्याचा लाभ साताऱ्याहून आलेल्या माणसालाही मिळतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

साताऱ्याचे नाव उगाच घेतलेले नाही. 2024 मध्ये वाघनखे आमच्या गावातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, राहिलेल्या ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेली, त्याच्या दाराशी तिकीट खिडकीच नाही. ही नखे महाराजांनी वापरलेलीच आहेत, असा दावा ते संग्रहालय स्वतः करत नाही, हेही इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला नमूद केले पाहिजे. तिथे टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे, महाराजा रणजितसिंगांचे सोन्याच्या पत्र्याने मढवलेले सिंहासन आहे आणि रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची प्लास्टरमधली पूर्णाकृती प्रतिकृती आहे, जी छताला लागेल म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे. एवढे सगळे असलेली ही वास्तू आपल्याकडच्या बहुतेक सहलींमध्ये बसच्या खिडकीतून दाखवली जाते.

माझ्या ओळखीतले एक दांपत्य एका कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले. त्यांना ब्रिटिश म्युझियमच्या फाटकापाशी फोटोपुरते उतरवले आणि तिथून थेट मेणाच्या पुतळ्यांकडे नेले. फाटकापासून चालत काही मिनिटांवर आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. काचेच्या भिंतीआडच्या त्या शांत दालनात मी बराच वेळ उभी होते. फिकट, पांढरट चुनखडीच्या दगडावर कोरलेली माणसांची दाटी, वळलेल्या माना, हत्तींच्या सोंडा, स्तूपाला प्रदक्षिणा घालणारे उपासक, आणि काही ठिकाणी बुद्धाच्या जागी केवळ रिकामे आसन किंवा पावलांची खूण. यांतले पुष्कळसे काम ज्या सातवाहनांच्या काळात झाले, त्यांचीच राजधानी आपले पैठण. कृष्णेच्या काठावरून हे दगड इतक्या दूर नेले, याचे दुःख होतेच, ते परत यावेत असेही वाटते. पण तिथवर गेलेल्या मराठी माणसाने ते न पाहता परतावे, हे त्याहून वाईट. स्वयंसेवक काही दालनांची माहिती विनामूल्य समजावून देतात, त्या फेरीची वेळ आत गेल्यावर आधी विचारून ठेवावी. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालये रात्रीपर्यंत उघडी असतात. दिवसा बागा आणि रस्ते पाहून संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर संग्रहालयात जाणे, हा माझ्या मते सर्वांत चांगला क्रम आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले, तिच्याकडे वळते. लंडनमध्ये एक अशी पायवाट आहे, जी लोकमान्य टिळकांच्या घरापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरापर्यंत नेते, आणि तिला एक पेनीही लागत नाही. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक 1918 मध्ये लंडनला गेले. खटला हरले, पण पुढच्या वर्षी स्वराज्याच्या मागणीसाठी तिथेच झटत राहिले. त्या काळात ते 10, हाउली प्लेस या घरात राहत. वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकापासून ते अगदी जवळ आहे. भिंतीवर निळी गोल पाटी आहे आणि तिच्यावर त्यांचे नाव व तेथील वास्तव्याची वर्षे आहेत. घर खाजगी असल्यामुळे आत जाता येत नाही. समोरच्या पदपथावरून पाहावे, रहिवाशांना त्रास देऊ नये.

तिथून जवळच लिटल व्हेनिस हा कालव्यांचा संगम लागतो. रंगवलेल्या लांबट, अरुंद नावा काठाला बांधलेल्या असतात आणि त्यांच्या टपांवर लोकांनी कुंड्यांमध्ये पुदिना, टोमॅटो असे काहीबाही लावलेले असते. इथून पूर्वेकडे जाणारा रीजंट्स कालवा 1820 मध्ये पुरा झाला. थोडे पुढे तो मेडा हिलच्या बोगद्यात शिरतो. त्या बोगद्यात पायवाट नाही, म्हणून तेवढ्यापुरते वर रस्त्याने चालायचे आणि पलीकडे पुन्हा खाली पाण्यापाशी उतरायचे. पूर्वी नावा ओढणारे घोडे इथे सोडून वरून नेत आणि नावाडी आडवे पडून बोगद्याच्या भिंतींवर पाय रेटत नाव पुढे ढकलत. पुढे कालवा रीजंट्स पार्कच्या उत्तर कडेने आणि प्राणिसंग्रहालयामधून जातो. संग्रहालयाचे तिकीट न काढताही काही पिंजरे पायवाटेवरून दिसतात, लहान मुलांना याचा फार आनंद होतो. तिथून वर आले की प्रिमरोझ हिल ही हिरवळीची टेकडी. तिच्या माथ्यावरून सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसावा, म्हणून मध्ये उंच इमारती उभ्या राहू नयेत याची काळजी तिथल्या नगररचनेत घेतलेली आहे, ही गोष्ट आपल्या शहरांच्या संदर्भात विचार करण्यासारखी आहे.

टेकडी उत्तरेकडे उतरले की किंग हेन्रीज रोड येतो. तिथल्या 10 क्रमांकाच्या घरात डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले. हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले आणि तिथे त्यांचे स्मारक केले, म्हणजे ते आपल्या सर्वांच्या पैशातून झालेले आहे. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र उघडण्याच्या वेळा आधी पाहून जावे. रमतगमत चालले तर ही सारी वाट सकाळच्या दोन-अडीच तासांत होते. बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ज्या गोल वाचनकक्षात दिवसचे दिवस वाचत बसत, तो आज काचेच्या भव्य छताखालच्या चौकात मधोमध उभा आहे, आणि त्या चौकात कोणीही जाऊन बसू शकतो. घर आणि वाचनकक्ष एकाच दिवशी पाहिले, तर त्यांच्या विद्यार्थिदशेतील कष्टांची जी कल्पना येते, ती मी वर्गात कितीही समजावून सांगितले तरी विद्यार्थ्यांना देऊ शकले नव्हते. हायगेटमधले 65, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांनी 1905 मध्ये सुरू केलेले इंडिया हाउस हे भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह, थोडे दूर आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाची पाटी तिथेही आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. शार्डवर पैसे भरून जाण्याऐवजी फेनचर्च स्ट्रीटवरच्या स्काय गार्डनमध्ये किंवा बिशप्सगेटवरच्या होरायझन 22 या सज्जावर जाता येते. दोन्हींना शुल्क नाही, मात्र जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते आणि त्या पटकन भरतात. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल येथे पर्यटकांना तिकीट आहे, तरी सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला कोणीही बसू शकते. मात्र ती उपासना आहे, तिथे छायाचित्रे काढत फिरणे शोभत नाही. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये ज्या हाउस ऑफ कॉमन्सवर, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून गेले, त्याचे कामकाज प्रेक्षक सज्जातून पाहायला परदेशी माणसालाही पैसे पडत नाहीत. ब्रिटिश लायब्ररीत मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी इंग्लंडची जुनी सनद, पाहता येते. कोहिनूर मात्र टॉवरमध्येच आहे आणि त्याला तिकीट आहे. ज्यांना तो पाहायचाच आहे, त्यांनी तेवढा खर्च जरूर करावा.

प्रवासाचे म्हणाल, तर भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त आहे आणि तिच्यातून शहरही दिसते. बसचे भाडे अंतरावर नसते आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बसा बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. रोख रक्कम चालत नाही, प्रत्येक प्रौढाकडे यंत्राला टेकवून भाडे भरण्याचे स्वतंत्र कार्ड असावे लागते आणि दिवसभरातल्या प्रवासाला कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे पैसे घेतले जात नाहीत. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसमध्ये भाडे नाही. 15 क्रमांकाची बस ट्रॅफल्गार चौकातून सेंट पॉलवरून टॉवरपर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर महागड्या पर्यटक बसची गरज उरत नाही. पाण्याची बाटली सोबत ठेवावी, नळाचे पाणी निर्धोक असते. दुपारचे जेवण सुपरमार्केटमधून घेऊन बागेत बसून खाणे हा तिथल्या नोकरदारांचाच परिपाठ आहे, त्यात संकोचण्यासारखे काही नाही. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. तिथे डोके झाकून, पंगतीला बसून, जमेल तेवढी सेवा करून जेवावे.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की, लंडनच्या मुक्कामात किमान एक पूर्ण दिवस संग्रहालयांसाठी आणि एक सकाळ टिळक-आंबेडकर वाटेसाठी राखून ठेवावी. तिकिटांचा खर्च वाचल्यामुळे हे त्यांना जड जाणार नाही. महाराष्ट्र शासनाने किंग हेन्रीज रोडवरच्या स्मारकाच्या वेळा आणि तिथे पोहोचण्याची माहिती मराठीतून ठळकपणे उपलब्ध करून द्यावी. आपल्याकडेही एक मागणे आहे: हाउली प्लेसपासून किंग हेन्रीज रोडपर्यंतच्या वाटेचा नकाशा पुरवणीत छापावा आणि तो दिवाळीच्या आसपास छापावा, कारण उन्हाळ्यातल्या सहलींची नोंदणी बहुतेक घरांत नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच होऊन जाते.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा