वादळ कुठे आहे ते नको, झोन कुठला ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्लोरिडात हरिकेन, म्हणजे मोठं चक्रीवादळ, आलं की आपल्याकडच्या पेपरांत बातमी येते, आणि हेडिंग बहुतेक वेळा असंच असतं की वादळाने दिशा बदलली, अमुक शहर थोडक्यात वाचलं. खाली कुठेतरी एक ओळ असते की इशारा देऊनही अनेक नागरिकांनी घरं सोडली नाहीत. ती ओळ वाचली की मला फार लागतं. म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टँपा बे या खाडीच्या काठी सेंट पीटर्सबर्गला राहते, अकरा वर्षं झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन नावाचं हरिकेन आलं तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या, वय ७६, गुडघे धरलेले, इन्शुलिन चालू. वादळ अजून क्युबाच्या खाली होतं आणि टीव्हीवरची रेघ, म्हणजे वादळ कुठून जाईल त्याचा अंदाज, सरळ आमच्या अंगावर येत होती. सोमवारी २६ तारखेला आमच्या झोन ए ला, म्हणजे समुद्राचं पाणी सगळ्यात आधी चढतं त्या भागाला, घर सोडायचा आदेश आला. नवऱ्याने ऑर्लँडोची हॉटेलं बघितली, सगळी फुल, वर उत्तरेला जायचं तर किती तास रस्त्यात अडकू सांगता येत नव्हतं आणि सासूबाईंना तासभर बसलं तरी पाय हलवता येत नाही, मध्येच बाथरूम लागलं तर थांबायचं कुठे हाही प्रश्नच. तेवढ्यात खाली दक्षिणेला असलेल्या फोर्ट मायर्सच्या मैत्रिणीचा फोन आला, म्हणाली इकडे या, तुम्ही रेघेपासून शंभर-सव्वाशे मैल लांब असाल. आम्हाला ते एकदम पटलं. दोन बॅगा, औषधं, कागदपत्रं घेतली आणि निघालो, रात्री तिच्याकडे जेवलो पण.

मंगळवारी सकाळी उठलो तर रेघ खाली सरकलेली. आणि मैत्रिणीच्या ली काउंटीतही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) घर सोडायचा आदेश आलेला, तिचं घर नदीजवळ, त्याच आदेशात. दुपारी अजून खाली. आता जायचं कुठे? परत उत्तरेला निघालो तर वादळाच्या समोरूनच जायचं होतं, पूर्वेला मायामीकडे जायचं तर तिकडे संध्याकाळपासून टोर्नेडोच्या, म्हणजे सोंडेसारख्या फिरत्या वावटळीच्या, वॉर्निंग चालू झाल्या, गाडीत अर्धी टाकी, जवळच्या दोन पंपांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पेट्रोल संपलेलं. शेवटी एका शाळेतल्या शेल्टरमध्ये गेलो. सासूबाईंना जमिनीवर झोपता येईना म्हणून त्या रात्रभर खुर्चीत बसून होत्या, आणि एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. इन्शुलिनची बाटली मी बर्फाच्या डब्यात धरून बसले होते, लाइट गेल्यावर दर तासाला बर्फ बघत.

२८ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास इयन फोर्ट मायर्सजवळच्या कायो कोस्टा बेटावर धडकलं, पाचपैकी कॅटेगरी ४, ताशी १५० मैल वारा. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीच्या वर दहा ते पंधरा फूट पाणी चढलं. मैत्रिणीच्या घरात कमरेएवढं आलं. आणि आमच्या सेंट पीटर्सबर्गच्या घराला काय झालं? अंगणात दोन फांद्या पडल्या. टँपा बेमधलं पाणी तर वाऱ्याने उलटं समुद्राकडे ओढून नेलं, लोक ओल्या वाळूत चालत फोटो काढत होते.

नंतर सगळ्यांनी आम्हाला एकच विचारलं, रेघ बदलणार हे कळलं नाही का, तिकडे गेलात कशाला. मला त्यांचा राग नाही आला, कारण आम्ही पण रेघच बघून निघालो होतो. चूक तिथेच झाली, आणि ती समजायला मला बरेच दिवस लागले.

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर जो नकाशा काढतं त्यात रेघ महत्त्वाची नसतीच, महत्त्वाचा असतो तिच्याभोवतीचा शंकू. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून तो काढतात, आणि वादळाचा मधला डोळा साधारण तीनपैकी दोन वेळा त्या शंकूत राहतो. म्हणजे तीनपैकी एकदा बाहेरही जातो! पाच दिवस आधी तर त्याची रुंदी मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूला दोनशे मैलांहून जास्त असते. आणि शंकू फक्त डोळा कुठून जाईल ते सांगतो, वादळ केवढं मोठं आहे, पाणी कुठे चढेल, टोर्नेडो कुठे होतील यातलं काही त्यात नसतं. हे माझ्या ऑफिसातल्या शिकलेल्या लोकांना माहीत नव्हतं, मला नव्हतं.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याची तर अजून एक गोष्ट आहे. खालून वर येणारं वादळ या किनाऱ्याला जवळजवळ समांतर चालतं. समोरून भिंतीवर चेंडू मारला तर थोडा इकडेतिकडे झाला तरी फार फरक पडत नाही, पण भिंतीच्या कडेकडेने चेंडू सोडला तर जरासा कल बदलला की तो कितीतरी पुढे किंवा कितीतरी आधीच भिंतीला लागतो, तसंच. वरच्या वाऱ्यांनी वादळाला काही तास आधी उजवीकडे ढकललं की लँडफॉल, म्हणजे वादळ जमिनीला लागायची जागा, शंभर मैल खाली. २००४ मध्ये चार्लीच्या वेळी अगदी हेच झालं, लोकांची नजर टँपावर आणि १३ ऑगस्टला वादळ वळून पुंटा गोर्डाकडे घुसलं, पुढे ऑर्लँडोवरून गेलं, म्हणजे टँपाहून ऑर्लँडोला पळालेले लोक पण त्यात सापडले. २०१७ मध्ये अर्माच्या वेळी आधी मायामीची भीती होती, पूर्व किनाऱ्यावरचे कितीतरी लोक पश्चिमेला आले, मग अंदाजच पश्चिमेला सरकला आणि त्यांना दुसऱ्यांदा बॅगा भराव्या लागल्या. त्या वेळी राज्यात ६५ लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं. या राज्याचा आकार बघा, खाली समुद्रात लोंबणारी जीभ, बाहेर जायचे मोठे हायवे दोन-तीन आणि सगळे उत्तरेलाच जाणारे. दक्षिण टोकाच्या कीज बेटांना तर एकच रस्ता, पुलापुलांवरून जाणारा.

आणि सगळेच निघाले तरी सुटका होते असं नाही. २००५ मध्ये रिटा वादळाच्या वेळी टेक्सासमधल्या ह्युस्टन भागातले लाखो लोक एकदम रस्त्यावर आले, न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या कत्रिना वादळाला महिनाही झाला नव्हता आणि सगळे घाबरलेले, उन्हात तासन् तास गाड्या उभ्या, पेट्रोल संपलेलं. नर्सिंग होममधल्या वृद्धांना घेऊन निघालेल्या एका बसला डॅलसजवळ आग लागून २३ जण गेले. त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसं गेली, प्रत्यक्ष वाऱ्यापाण्याने गेली त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि वादळ शेवटी ह्युस्टनच्या पूर्वेला सरकलं.

म्हणून नागरिकांनी घर सोडलं नाही हे वाक्य लिहिण्याआधी जरा थांबा असं माझं म्हणणं आहे. आमच्या रस्त्यावर एक आजोबा राहतात, त्यांची बायको ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, त्यांना विजेची सोय असलेलं खास शेल्टर लागतं आणि त्यासाठी काउंटीकडे नाव आधी नोंदवावं लागतं, वादळ आल्यावर धावपळ करून ते होत नाही. मागच्या गल्लीतली बाई रात्रपाळी करते, तासाच्या पगारावर, चार दिवस हॉटेलात काढले तर महिन्याचं भाडं कुठून देणार? आणि मागच्या वेळी निघाली, पैसे गेले, घराला काही झालं नाही, मग या वेळी तिला निघ म्हणताना माझीच जीभ अडखळते. कोणाकडे गाडी नाही, कोणाचा कुत्रा शेल्टरमध्ये घेत नाहीत, कोणाला इंग्लिशमधला आदेशच नीट कळलेला नाही. बरं, वेळ किती मिळतो? वॉर्निंग साधारण ३६ तास आधी लागते, अंदाज दिवसातून चार वेळा बदलतो, आणि वारा ताशी चाळीस मैलांवर गेला की खाडीवरचे पूल बंद होऊ लागतात. मग तुम्ही कितीही तयार असा, रस्ता संपला. इयनच्या पाण्यात ४१ माणसं गेली असं हरिकेन सेंटरचा रिपोर्ट सांगतो, त्यांना सगळ्यांना हट्टी म्हणायचं का?

मग करायचं काय, तर इथले अधिकारी एक गोष्ट परत परत सांगतात आणि मला ती फार उशिरा कळली. वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. आणि शेकडो मैल जायची गरज नाही, दहा-वीस मैल पुरतात. कारण ए, बी, सी हे झोन पाण्याचे आहेत, समुद्राचं पाणी कुठवर चढेल त्यावरून आखलेले. तुम्ही ए मध्ये असाल तर ज्या घराला झोनच नाही अशा उंचावरच्या पक्क्या घरात गेलात की बहुतेक काम झालं, फक्त मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहणाऱ्यांनी झोन काही असो, निघायचंच. त्यात रेघ सरकली तरी फार बिघडत नाही, कारण तुम्ही रेघेपासून पळालेलेच नसता.

२०२४ मध्ये आम्ही तेच केलं. आधी २६ सप्टेंबरला हेलीन आलं. त्याचा डोळा आमच्यापासून शंभर मैलांहून लांब समुद्रातून वर गेला, रेघ आमच्यावर नव्हतीच, तरी आमच्या काउंटीत समुद्राचं पाणी घराघरात शिरलं आणि माणसं गेली. भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज रस्त्याकडेला ढीग करून पडलेले असतानाच दोन आठवड्यांच्या आत मिल्टन, परत टँपावर रेघ. या वेळी आम्ही हॉटेल शोधलंच नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका माणसाचं घर चौदा मैलांवर, झोनच्या बाहेर, त्याला आधीच विचारून ठेवलं होतं. ९ ऑक्टोबरला रात्री मिल्टन आमच्या दक्षिणेच्या सिएस्टा की बेटाला लागलं, खाडीतलं पाणी परत बाहेर ओढलं गेलं, पण सेंट पीटर्सबर्गला अठरा इंच पाऊस पडला, आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत टोर्नेडोने सहा जण गेले. कोणाच्या रेघेत होते ते? आमचे तीन दिवस लाइट नव्हते, बाकी आम्ही ठीक होतो.

माझ्या दोन विनंत्या आहेत, पहिली तुम्हाला. बातमीत फक्त शहराचं नाव आणि रेघेचा नकाशा देऊ नका, शंकू द्या, पाणी कुठे किती चढणार ते द्या आणि काउंटीचं नाव द्या, कारण आदेश काउंटी काढते. आणि शहर वाचलं असं लिहिताना ते पाणी शेजारच्या कोणाकडे गेलं तेही त्याच बातमीत येऊ द्या. आम्ही वाचलो त्या दिवशी माझी मैत्रीण फावड्याने घरातला चिखल काढत होती.

दुसरी तुमच्या वाचकांना. ज्यांची मुलं, भाचरं इकडे आहेत ते बातमी बघून घाबरून फोन करतात, निघालात ना, वादळ कुठवर आलं, अजून घरीच कसे. प्रेमानेच करतात, मला माहीत आहे. पण त्या फोनने माणूस अजून गोंधळतो आणि मिळेल त्या दिशेने निघतो, आम्ही निघालो तसा. त्याऐवजी जूनमध्येच, सीझन सुरू होतो तेव्हा, शांतपणे विचारा की तुझा झोन कुठला, जवळात जवळ झोनच्या बाहेर कोणाचं घर आहे, त्यांना विचारून ठेवलंस का, गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देतोस का. सासूबाई आता दर १ जूनला फोन करून हे विचारतात, आणि शेवटी बर्फाचा डबा आहे ना तेही.

आपली,
एक वाचक, सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा