ठोशाचाही डाव छापा

महोदय,

खासबागेत मैदान झाले की दुसऱ्या दिवशी आपल्या क्रीडापानावर सगळा तपशील येतो. कुस्ती कितव्या मिनिटाला निकाली झाली, पोकळ घिस्सा या डावावर की एकलांगी या डावावर, की पंचांनी बरोबरीत सोडवली. बॉक्सिंगच्या गाजलेल्या लढतींवर लिहिताना मात्र ‘धूळ चारली’ आणि ‘ठोशांचा पाऊस’ यापुढे मजकूर जात नाही. पैलवानांच्या गावात हे शोभत नाही. ठोशाच्या खेळातही डाव असतो, त्याला तोड असते आणि निकालाचे प्रकार असतात.

३० ऑक्टोबर १९७४ची किन्शासाची मुहम्मद अली–जॉर्ज फोरमन लढत घ्या. अलीने मार खाऊन खाऊन फोरमनला दमवले, असे सरसकट लिहिले जाते. पहिल्या फेरीत अलीचा भर रिंगणाच्या दोरावर रेलण्यावर नव्हता. तो डाव्या जॅबची (सरळ, झटपट ठोशाची) वाट न बघता थेट उजवा मारत होता, आणि त्याची फोरमनला अपेक्षा नव्हती. दोराचा डाव त्यानंतरचा. कोपरे बरगड्यांशी, मुठी कानशिलांशी. ठोसे बरेचसे दंडावर आणि कोपरांवर जिरत होते. दोर सैल असल्याने अलीला डोके आणखी मागे नेता येत होते. फोरमन अंगाशी आला की त्याची मान धरून खाली दाबायची, म्हणजे वजन त्याने पेलायचे. मधूनच फटकन दोन-तीन ठोसे. फोरमनने त्याआधी फ्रेझियर आणि नॉर्टन या नावाजलेल्या बॉक्सरांना दुसऱ्याच फेरीत संपवले होते. लांबलेल्या लढतीत दम राखून खेळण्याची त्याला गरजच पडली नव्हती. आठव्या फेरीत अलीने दोरावरून सुटून डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) फोरमनचे तोंड समोर आणले आणि सरळ उजव्याने काम झाले.

हा डाव इथल्या पोरांनी हौशी स्पर्धेत करू नये, हेही छापायला हवे. तिथे तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. नऊ मिनिटांत समोरचा दमत नाही, दोरावर रेललेल्याचे गुण जातात आणि जोराचे ठोसे उत्तराशिवाय बसत राहिले की पंच आठपर्यंत मोजू शकतात.

८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कमध्ये फ्रेझियरच्या डाव्या हूकने अली पंधराव्या फेरीत आडवा झाला. तो ठोसा नशिबाचा नव्हता. उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना अलीचा उजवा हात खाली येतो आणि जबड्याची ती बाजू उघडी पडते, हे फ्रेझियरच्या गोटातल्या एडी फच यांनी आधीच हेरले होते. तरीही अली उठला, लढत गुणांवर गेली आणि गुण देणाऱ्या तिघांनीही फ्रेझियरला विजयी ठरवले. पण एकाच्या कागदावर ११ विरुद्ध ४ फेऱ्या आणि दुसऱ्याच्या कागदावर ८ विरुद्ध ६, एक बरोबरीत. एकच लढत दोघांनी किती वेगळी पाहिली, ते या आकड्यांशिवाय कळत नाही.

टायसनने होलिफिल्डचा कान चावला, एवढेच २८ जून १९९७च्या लढतीचे लोकांना आठवते. दुसऱ्या फेरीत होलिफिल्डच्या डोक्याची धडक बसून टायसनची भुवई फाटली होती आणि धडक हेतुपुरस्सर नाही, असे पंचांनी ठरवले होते. तिसऱ्या फेरीत पहिल्या चाव्यानंतर लढत संपवली गेली नाही. डॉक्टरांनी होलिफिल्ड खेळू शकतो म्हटल्यावर टायसनचे दोन गुण कापले गेले. त्याच फेरीत तो दुसऱ्यांदा चावला आणि फेरी संपल्यावर बाद ठरला. चिडला तो का, याचे उत्तर धडकेत आहे. चावण्याचे समर्थन अर्थातच नाही.

ठोशांच्या पावसाचे चित्र मुळात सिनेमातले. ‘रॉकी’ (१९७६) सुचला तो २४ मार्च १९७५च्या अली–वेपनर लढतीवरून. वेपनरने नवव्या फेरीत अलीला पाडले. त्याने पायावर पाय दिला म्हणून पडलो, असे अलीचे म्हणणे. शेवटची फेरी संपायला १९ सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली, म्हणजे टेक्निकल नॉकआउट. पडद्यावरचा नायक मात्र पंधराही फेऱ्या टिकून गुणांवर हरतो. तिथे हात खाली सोडून एकामागून एक ठोसे जबड्यावर झेलता येतात. खऱ्या रिंगणात न दिसलेला एक ठोसा हनुवटीच्या बाजूला लागला तरी पुरतो, कारण डोके गर्रकन फिरते आणि आत मेंदूला झटका बसतो.

सिनेमा बघून आलेला पोरगा खांद्यापासून हात फिरवत रुंद ठोसा मारतो. तो लांबूनच दिसतो, शिवाय करंगळीच्या बाजूने लागला तर तिच्यामागचे तळहाताचे हाड मोडते. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर, मनगट सरळ ठेवून लागायला हवा. हातमोजा जाड आहे म्हणून हाड वाचेल, हा भ्रम आहे.

विनंती एवढीच, की यापुढे ‘अलीने फोरमनला लोळवले’ऐवजी ‘आठवी फेरी, २ मिनिटे ५८ सेकंद, नॉकआउट, डावा हूक, सरळ उजवा’ असे छापावे. जागा तेवढीच लागते. पंचांनी थांबवली, खेळाडूच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी माघार घेतली की खेळाडू बाद ठरला, हे स्पष्ट असावे. आणि निकाल गुणांवर असेल तर प्रत्येक गुणलेखकाचे आकडे वेगवेगळे द्यावेत.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर