दरवर्षी कोसळणारे मनोरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर आला की आमच्या कट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ११ सप्टेंबर २००१ ला विमाने आदळून पडलेले न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुन्हा कोसळू लागतात. 'विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही, म्हणजे आत स्फोटके पेरली होती!' जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात आणि ती आग तेवढी तापली नव्हती, हे खरेच. पण वितळायला हवे कशाला? लोहार कुठे लोखंड वितळवून वाकवतो? लाल झाले की घण घालतो. ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते.

मग विचारतात, वरच्या दहा-बारा मजल्यांनी खालचे नव्वद कसे चिरडले? घरातला स्प्रिंगचा काटा काढा. अर्ध्या किलोचे वजन तव्याला जेमतेम टेकवून एकदम सोडा. काटा क्षणभर एक किलोच्या जवळ जातो. आता तेच वीतभर उंचीवरून टाका (काटा मोडल्यास मी जबाबदार नाही). मनोऱ्याचा एक मजला सुमारे ३.७ मीटरचा. तेवढ्यावरून पडलेली वस्तू ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने आदळते, आणि तिला नव्वद मजल्यांशी एकदम झुंजायचे नसते. एका वेळी एकाशीच.

पुठ्ठ्याचा मनोरा करून 'बघा, पडत नाही' म्हणणारेही आहेत. शंभरपट लहान प्रतिकृतीचे वजन दहा लाखपट घटते, खांबाचा छेद मात्र दहा हजारपटच. म्हणजे ती मुळातच शंभरपट दणकट!

त्याच संकुलातल्या सातव्या क्रमांकाच्या इमारतीचे मात्र तसे नाही. ती ४७ मजली, तिच्यावर विमान आदळले नव्हते, तरी त्याच दिवशी संध्याकाळी ५.२० ला पडली. चौकशी करणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात मुक्तपतन, म्हणजे वाटेत कशानेही न अडता पडणे, मानले नव्हते. एका शाळाशिक्षकाने चित्रफीत मोजून हरकत घेतली. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात संस्थेने सव्वादोन सेकंदांचे, सुमारे आठ मजल्यांचे मुक्तपतन मान्य केले. त्या शिक्षकाच्या मोजणीला माझा नमस्कार. तिच्यावरून काढलेल्या स्फोटकांच्या अनुमानाला नाही. कारण त्याच चित्रफितीत गच्चीवरची खोली काही सेकंद आधीच आत खचताना दिसते. अहवालानुसार तुळया तापून लांबल्या, त्यांनी एक मोठी तुळई बैठकीवरून ढकलली आणि ७९ क्रमांकाचा खांब आधाराविना वाकला. रुळांत फट का ठेवतात, हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते. आतले खांब आधीच गेलेले, बाहेरचे आठ मजल्यांच्या उंचीत वाकलेले, अडवणार कोण? स्टॉपवॉच फक्त विरोध उरला नव्हता एवढेच सांगते, तो कोणी काढला हे नाही.

काट्याचा प्रयोग मी गटावर टाकला. उत्तर आले, 'सर, काटा बिघडलाय.' शेजाऱ्यांचा मागून आणला आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज