वाखरीहून पुढे

ठाणे,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. गुडघ्यांमुळे आळंदीपासून चालणे शक्य नाही आणि नुसता शेवटचा टप्पा चाललो तर ती वारी कसली, असे तू लिहिले आहेस. नौपाड्यातल्या आपल्या मंडळींबरोबर यंदा दशमीला वाखरीहून, म्हणजे पालख्यांच्या शेवटच्या मुक्कामावरून, पंढरपुरात चालत शिरल्यावर मला हे मुळीच पटत नाही.

वाखरी ते पंढरपूर हे अंतर एरवी दोनेक तासांत संपावे. पण माऊलींची, म्हणजे ज्ञानोबांची, पालखी दुपारी तळावरून उठते आणि गावात पोचेपर्यंत रात्र होते. वेळापूरच्या अलीकडे तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते तेथून धावत सुटले, अशी श्रद्धा असल्याने त्या उतारावर सारे वारकरी धावतात. वाखरीनंतर मात्र कोणालाच घाई नसते. निवृत्तिनाथ, सोपानकाका, मुक्ताई, नाथमहाराज, तुकोबा अशा निरनिराळ्या वाटांनी आलेल्या पालख्या येथे एका रस्त्याला लागतात, नामदेवरायांची पालखी पंढरपुरातून त्यांना सामोरी येते, आणि मग एकेक पालखी पुढे निघून सर्वांत शेवटी माऊली निघतात. 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असत. पुढे माऊलींचे भक्त हैबतबाबा यांच्यापासून माऊलींचा सोहळा वेगळा झाला. हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण वाखरीच्या त्या गर्दीत उभा असताना माझा गळा दाटून आला.

वाटेत इसबावीला उभे रिंगण झाले, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावला. त्यानंतर आमच्या शेजारच्या दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजीबाई होत्या, त्यांच्या मागोमाग मी बराच वेळ चाललो. पखवाजाची लय चढली तरी त्यांचे पाऊल चुकत नव्हते. पेरणी उरकून आलेला एक शेतकरी मध्येच घरी फोन लावून पावसाची चौकशी करी आणि पुन्हा टाळ हाती घेई. पुढे लॉज, फलक, प्रासादिक चुरमुरे नि बुक्क्याची दुकाने लागली. पायांखाली चिखल होता आणि समोर माणसांखेरीज काही दिसत नव्हते. मग कोणीतरी "माऊली, कळस!" म्हणाले, आणि पुढच्या रांगांपासून मागेपर्यंत हात जोडले गेले.

वसंता, दर्शनबारी थेट गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असते, आणि कितीतरी वारकरी त्या रांगेत उभेही राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर डोके टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि वारी पोचली म्हणून समाधानाने माघारी फिरतात. पंधरवड्याहून अधिक काळ चाललेला माणूस जेथे गाभाऱ्याचा हट्ट धरत नाही, तेथे तू वाखरीपासून चाललास म्हणून तुला उणे कोण लेखणार? मी कोठून चालत आलो, हे मला कोणीही विचारले नाही. पाणी मात्र अनेकांनी विचारले.

तेव्हा पुढच्या आषाढीला तू येच. नवमीच्या आदल्या दिवशी नेरूळहून माझ्याकडे ये. रात्री खोपटहून एसटीने निघू, म्हणजे नवमीला बाजीरावाच्या विहिरीजवळचे रिंगणही पाहता येईल. दिंडी पावलोपावली थांबते, त्यामुळे गुडघ्यांना विसावा मिळतो. काठी तेवढी बरोबर ठेव. वहिनींना हरिपाठ मुखोद्गत आहे, त्यांनाही घेऊन ये. लवकर कळव, म्हणजे मठातल्या मुक्कामासाठी तुम्हा दोघांची नावे मी आताच सांगून ठेवीन.

तुझा,
अरविंद