गिरगावातला ‘आलिशान’ वन बीएचके

महोदय,

गिरगावात ‘आलिशान वन बीएचके’ विक्रीला असल्याची जाहिरात वाचून लेकीसोबत सॅम्पल फ्लॅट बघून आलो. माहितीपत्रकात खोताच्या वाडीतली लाकडी सज्जांची घरं होती, केशवजी नाईक चाळीतल्या १८९३च्या गणेशोत्सवाचा उल्लेख होता. म्हणजे शेजारपाजारही किमतीत धरलेला!

जागा मोठी दिसावी म्हणून की काय, सॅम्पल फ्लॅटला आतली दारंच नव्हती आणि पलंग इतका आखूड, की माझे पाय बाहेर आले असते. कार्पेट, म्हणजे चटईक्षेत्र, घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती विचारलं, तर विक्री प्रतिनिधी पुन्हा पुन्हा ‘युजेबल एरिया’ सांगत राहिला. त्यात बाल्कनी मिळवलेली होती. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे बाल्कनी, सर्व्हिस शाफ्ट (पाइप-वायरींची पोकळी) आणि बाहेरच्या भिंती चटईक्षेत्रात धरता येत नाहीत. हे मी म्हटल्यावर त्याने चहा मागवला.

शिवाय बांधकाम सुरू असलेल्या अशा महागड्या घरावर ५ टक्के जीएसटी, मुद्रांक शुल्क ६ टक्के (स्त्रीच्या नावावर ५), नोंदणीचे ३० हजार, पार्किंग वेगळं. जाहिरातीत यातलं काही नाही, फक्त किमतीच्या आकड्यापुढे ‘पासून’ असा बारीक शब्द. चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत सात माणसं राहायची. त्या खोल्यांना कोणी आलिशान म्हटलं नाही, पण मापं सगळ्यांना ठाऊक होती.

जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड बंधनकारक आहेच. त्यांच्याच शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, रेरा चटईक्षेत्र छापायला आपल्या वृत्तपत्रानेच जाहिरातदारांना सांगावं.

– एक जुना गिरगावकर, सध्या डोंबिवली